खानदेशचा कापूस आणि लिव्हरपूलचा भाव

(वरच्या इयत्तांत इतिहास, भूगोल व अंकगणित यांचा मेळ घालण्यासाठी पाठटिपण)

आश्विन सरून कार्तिक लागला की जळगाव व धुळे जिल्ह्यांतील कापसाच्या गावी शाळेची हजेरी उतरू लागते. वेचणीस हात कमी पडतात आणि मुले आईबरोबर शेतात जातात. शाळेच्या दृष्टीने ही अडचण खरीच. परंतु या मुलांना कापसाविषयी जे ठाऊक असते ते क्रमिक पुस्तकात सहसा आढळत नाही. पहिल्या वेचणीच्या कापसाचा रंग कसा असतो, कवडी कशास म्हणतात, दहिवराने भिजलेला कापूस लगेच का बांधू नये, हे ती अचूक सांगतात. आज बाजारात काय भाव निघाला हेही पुष्कळदा शिक्षकाआधी त्यांना कळलेले असते. अशा वर्गात शिक्षकाने एकच प्रश्न विचारावा : हा भाव ठरविला कोणी?

मुले निरनिराळी उत्तरे देतील. कोणी व्यापाऱ्याचे नाव घेईल, कोणी सरकारचे, कोणी मुंबईचे. चौकस मुलगा परदेशाचेही नाव काढील. यांपैकी कोणतेच उत्तर सर्वस्वी चूक नाही. हा प्रश्न दीडशे वर्षे मागे नेला म्हणजे इंग्रजी राजवटीतील खानदेशचा इतिहास त्याच्या उत्तरातून उलगडत जातो. ‘परकीय सत्तेने शेतकऱ्यांचे शोषण केले’ हे वाक्य मुले पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. वाक्य खरे आहे, पण पोकळ आहे. रुपयातील कोणता आणा कोठे गेला हे त्यावरून कळत नाही. ते फळ्यावर मांडून दाखविता येते, आणि त्यासाठी लागणारे गणित त्रैराशिकाच्या पलीकडचे नाही.

फळ्यावरचे पहिले उदाहरण

प्रथम वजने व नाणी सांगावीत. मुंबईच्या बाजारात कापसाचा, म्हणजे सरकी काढलेल्या रुईचा, भाव खंडीवर बोलला जाई. ही खंडी ७८४ रतलांची. २८ रतलांचा एक मण, अशा २८ मणांची. लिव्हरपूल हे इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदर. त्याच्या पाठीशी लँकेशायर परगणा व मँचेस्टर शहर. जगातील सर्वांत मोठा सूतगिरण्यांचा पसारा त्या काळी तेथे होता. म्हणून जगाच्या कापसाचा भाव लिव्हरपूलला निघे. तेथे तो रतलामागे पेन्सांत सांगत. २४० पेन्सांचा एक पौंड, आणि १८६० च्या सुमारास १० रुपयांचा एक पौंड. म्हणजेच रुपयाचे २४ पेन्स. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे व आण्याच्या १२ पै. नकाशावर मुंबई व लिव्हरपूल यांच्यामध्ये दोरा धरून दाखवावा. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला. त्यापूर्वी कापसाची गलबते आफ्रिका खंडास वळसा घालून जात. तो मार्ग दोऱ्याने दाखविला म्हणजे वाहतुकीचा खर्च मुलांना निराळा समजावून द्यावा लागत नाही.

१८६० मध्ये हिंदी कापसाचा भाव लिव्हरपूलला रतलास सुमारे ५ पेन्स होता. एका खंडीचे ३९२० पेन्स, म्हणजे १६३ रुपये ५ आणे ४ पै. १८६४ मध्ये तोच भाव २० पेन्सांच्याही वर गेला. २० पेन्सच धरले तरी खंडीचे ६५३ रुपये ५ आणे ४ पै होतात. चार वर्षांत चौपट! खानदेशच्या जमिनीत असे काय घडले होते, असे विचारावे आणि मुलांना क्षणभर विचार करू द्यावा.

खानदेशात काहीच घडले नव्हते. जे घडले ते अमेरिकेत. लँकेशायरला लागणाऱ्या कापसापैकी सुमारे चार पंचमांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई आणि तो गुलाम निग्रो मजुरांच्या श्रमावर पिके. १८६१ मध्ये तेथे उत्तर व दक्षिण यांच्यात यादवी युद्ध सुरू झाले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. कापूस बाहेर पडेना. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, लाखो कामगार बेकार झाले आणि त्यांची मुले दानधर्माच्या अन्नावर जगू लागली. ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी; इंग्लंडातील सगळेच लोक धनवान होते असा मुलांचा समज होऊ नये. मग गिरणीवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. हा कापूस आखूड धाग्याचा व कचरा मिसळलेला. लँकेशायरात त्यास सरसकट ‘सुरती’ म्हणत, आणि हे नाव तेथे वाईट मालासाठी शिवीप्रमाणे वापरले जाऊ लागले होते. परंतु दुसरा मिळेना तेव्हा तोच सोन्याच्या मोलाने घेतला गेला.

चौपट भावातून वाटा कोणाचा

या चार-पाच वर्षांत मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या सटोडियांचे नाव सर्वतोमुखी झाले. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे भाग अनेक पटींनी विकले गेले. वऱ्हाड-नागपूरकडील शेतकऱ्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशी कथाही त्या काळापासून चालत आली आहे. ती सांगावयास हरकत नाही, पण कथा म्हणूनच सांगावी. खानदेशातही काही कास्तकारांनी कर्जे फेडली, बायकांच्या अंगावर दागिने चढले, विहिरी खोदल्या गेल्या. जळगाव ही पेठ नावारूपास आली ती याच काळात व याच पिकावर. पुढील दशकात तेथे कापडाची गिरणीही निघाली. भाववाढीतील काहीच शेतकऱ्यास मिळाले नाही असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही.

तथापि लिव्हरपूलचा भाव चौपट झाला त्या मानाने एरंडोलच्या अगर शिरपूरच्या शेतकऱ्यास किती मिळाले, हे पाहावयाचे तर माल व बातमी या दोहोंचा प्रवास पाहिला पाहिजे.

मालाचा प्रवास असा. मुंबईहून निघालेली लोखंडी सडक याच वर्षांत चाळीसगाव, जळगाव, भुसावळ या बाजूस येत होती. परंतु कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील अवघड टप्पा गाड्यांस खुला झाला तो १८६५ च्या आरंभी. म्हणजे भाव सर्वांत चढा असताना खानदेशचा माल घाटापाशी उतरवून बैलांच्या पाठीवर वा छकड्यांतून खाली न्यावा लागे, आणि सबंध गाडी मुंबईपर्यंत धावू लागली त्यानंतर थोड्याच महिन्यांत अमेरिकेतील युद्ध संपले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली. लिव्हरपूलचा भाव निम्म्याहून खाली कोसळला. १ जुलै १८६५ या दिवशी मुंबईत वायद्यांचा भरणा करण्याची वेळ आली आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या.

बातमीचा प्रवास याहून महत्त्वाचा आहे. युद्धकाळात विलायतेची डाक मुंबईस पोचावयास महिनाभर लागे. १८६५ मध्ये इराणच्या आखातातून तारायंत्राचा मार्ग जोडला गेला व १८७० मध्ये समुद्राखालची तार आली. त्यानंतर लिव्हरपूलचा भाव मुंबईच्या व्यापाऱ्यास फार तर एका-दोन दिवसांत कळू लागला आणि तेथून तो जळगाव-धुळ्याच्या आडत्यांस तारेने येऊ लागला. तारघर स्टेशनावर, पाटी वाचता येणारा आडत्या स्टेशनाजवळ, आणि शेतकरी दहा कोसांवर, अक्षरशत्रू. जगाचा भाव खानदेशात येऊन पोचला, पण तो एका बाजूच्याच कानी पडे. शाळेत वाचावयास शिकविणाऱ्या शिक्षकास या गोष्टीचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

हप्त्याची तारीख

आता मूळ मुद्दा. बातमी कळली असती तरी शेतकऱ्यास थांबता आले असते काय?

गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्यात बसविलेल्या मोजणी-आकारणीच्या पद्धतीत जमिनीचा सारा तीस वर्षांसाठी रोकड रकमेत ठरविला जाई. पीक कमी येवो वा भाव उतरो, रक्कम तीच. खानदेशात ही मोजणी आली तेव्हा लोकांनी ती मुकाट्याने स्वीकारली नाही. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर व एरंडोल या भागांत हजारो शेतकरी एकत्र जमले आणि त्यांनी मोजणीस विरोध केला. तो मोडून काढण्यास सरकारास लष्कर आणावे लागले. जळगाव जिल्ह्यातील शिक्षकांनी हा प्रसंग मुद्दाम सांगावा, कारण त्यातील गावे मुलांच्या पायाखालची आहेत.

साऱ्याचे हप्ते हिवाळ्यात भरावयाचे. कापूस घरात येतो तोही हिवाळ्यातच, पण एकदम नव्हे. पहिली वेचणी, दुसरी वेचणी असे करीत तो माघापर्यंत येत राहतो. हप्त्याची तारीख मात्र ठरलेली. साहजिकच जिल्ह्यातील झाडून सारे शेतकरी एकाच पंधरवड्यात कापूस विकावयास काढीत आणि जेव्हा सगळेच विकतात तेव्हा भाव पडतो. ज्याला दोन महिने थांबता येई त्याला चढा भाव मिळे. आणि थांबता येई ते घेणाऱ्याला, विकणाऱ्याला नव्हे.

याहूनही मोठा वर्ग असा होता की ज्याचा कापूस बाजारात येण्याआधीच विकलेला असे. पेरणीस बी, खावयास ज्वारी, बैल मेला तर बैल, मुलीचे लग्न, या सर्वांसाठी सावकाराकडे जावे लागे. सावकार रक्कम देई ती पीक त्यालाच घालावे या बोलीवर. आणि पुष्कळदा भावही श्रावणातच, झाड गुडघाभर असताना, ठरून जाई. मार्गशीर्षात लिव्हरपूलला काय निघाले याच्याशी अशा शेतकऱ्याचा संबंधच उरत नसे. व्याज किती घेतले हा प्रश्न तर वेगळाच.

सरकारची एक बाजू शिक्षकाने सांगितली पाहिजे. रोकड ठराव निश्चित असल्यामुळे भाव चढला तर वाढीव नफा शेतकऱ्याचाच राहील, असा या पद्धतीमागील विचार होता आणि तो कागदावर चुकीचा नव्हता. परंतु तीस वर्षांची मुदत संपताच फेरआकारणी होई आणि तीत धान्य-कापसाचे वाढलेले भाव व नव्याने झालेली रेल्वे हीच सारा वाढविण्याची कारणे म्हणून पुढे येत. वाढ इतकी होऊ लागली की १८७४ मध्ये सरकारासच मर्यादा घालावी लागली : सबंध तालुक्यावर शेकडा ३३, एका गावावर शेकडा ६६ आणि एका खातेदारावर दुपटीपेक्षा अधिक वाढ नसावी. पुढच्या वर्षी पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला, त्याच्या मागेही हीच परिस्थिती उभी आहे.

रुमालाखालचा हात

कर्ज नसलेला, स्वतःची गाडी जुंपून बाजारास येणारा शेतकरीही होताच. त्याची गोष्ट मुलांना अभिनयाने दाखविता येईल. दोन मुले व एक रुमाल एवढे साहित्य पुरे.

पहाटे गाडी बाजारात येऊन उभी राही. गाडीवर कापूस, कापसावर धनी. दलाल व खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत आणि त्यावरून भाव ठरे. यास ‘हत्ता’ म्हणत. ज्याचा कापूस तो शेजारी उभा, पण बोटांनी काय बोलणे झाले ते त्याला कळत नसे. दलाल त्याचा म्हणविला जाई, त्याची दलाली तोच देई. पण दलालाला शेतकरी वर्षातून एकदा भेटे आणि व्यापारी रोज, तेव्हा दलालाचा कल कोणीकडे असावयाचा? मग गाडी जिनाच्या आवारात जाऊन रिकामी होई. अर्धी रिकामी झाली की कापूस ओला आहे, आत कवडी आहे, असा वांधा निघे व ठरलेला भाव खाली येई. या वेळी शेतकऱ्याच्या हाती काय उरे? कापूस जमिनीवर पसरलेला. बैलांना वैरण नाही. गाव पंधरा मैलांवर. तो कबूल होई. त्यावर वजनात कडता, मग हमाली, मापाई, धर्मादाय, नमुन्यासाठी काढलेला कापूस.

कडता म्हणजे काय ते उदाहरणाने दाखवावे. समजा, दर मणामागे एकच रतल कडता धरला. एका खंडीत २८ मण, म्हणजे २८ रतल गेले. १६३ रुपये ५ आणे ४ पै भावाने त्याचे ५ रुपये १३ आणे ४ पै होतात. एक रतल ऐकावयास काहीच वाटत नाही! ज्या वर्गात सरासरी व शेकडेवारी झाली असेल तेथे असे चार-पाच बारीक खर्च काल्पनिक आकड्यांनी मांडून त्यांची बेरीज मुलांकडून करवून घ्यावी.

येथे शिक्षकाने सावध राहावयास हवे. लिव्हरपूलचा भाव उणे गावचा भाव, ही सगळी लूट, असे मुलांच्या मनावर ठसले तर पाठ फसला. सरकी काढणे, गाठ बांधणे, रेल्वेचे भाडे, जहाजाचे नूर, विमा, गुंतविलेल्या रकमेचे व्याज हे खरे खर्च होते. शिवाय शेतकरी विकतो तो सरकीसह कापूस. तिसरा हिस्सा रुई निघते असे धरले तर एका खंडी रुईस २३५२ रतल कापूस लागतो. खरा खर्च कोणता आणि शेतकऱ्याच्या अडचणीची किंमत कोणती, हे वेगळे काढावयास शिकणे हाच या पाठाचा गाभा होय.

सरकीवरून आणखी एक गोष्ट सांगता येते. जिनांचे कारखाने येण्यापूर्वी गावातील स्त्रिया हातचरकीवर सरकी काढीत. मजुरी गावात राही, सरकी गुरांना मिळे व त्यातलीच निवडक बियाण्यास ठेवली जाई. कारखान्यात निरनिराळ्या गावांचा कापूस एकत्र पडे आणि तीच मिश्र सरकी पुढल्या वर्षी बी म्हणून शेतकरी विकत घेई.

बियाण्याच्या बाबतीत खानदेशच्या शेतकऱ्यावर एक आरोप सतत होत आला. सरकारी अधिकारी लांब धाग्याचे, हिंगणघाटसारखे वाण लावा म्हणून सांगत, आणि शेतकरी मात्र ‘रोझियम’ नावाचे आखूड, खरखरीत धाग्याचे वाण लावी. त्यास अडाणी, आळशी, जुनाट म्हटले गेले. वस्तुतः त्याचा हिशेब पक्का होता. रोझियमला कापूस अधिक येई आणि शेकडा रुईही अधिक उतरे. लांब धाग्यास मुंबईत जादा भाव होता हे खरे. परंतु गावच्या बाजारात सगळा कापूस एकाच भावाने तोलला जात असेल तर जादा भाव मधल्यामध्ये राही व कमी उत्पन्न तेवढे शेतकऱ्याच्या पदरी येई. भेसळीचेही असेच. ती इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील लबाडीविरुद्ध खास कायदा केला. स्वच्छ मालास जादा दाम मिळत नाही तेथे कायद्याने स्वच्छता किती येणार? पुढे जळगावच्या संशोधन केंद्राच्या कामातून ‘जरीला’सारखी वाणे निघाली आणि तोवर बाजारातही प्रतवारीस काही मोल येऊ लागले होते, तेव्हा हाच ‘जुनाट’ शेतकरी ती वाणे आपण होऊन लावू लागला.

नाण्याचा खेळ

हा भाग सातवीच्या पुढे घ्यावा. लहान इयत्तांस तो जड जाईल.

१८७३ नंतर जगात चांदी उतरू लागली व तिच्याबरोबर आपला चांदीचा रुपयाही. २४ पेन्सांचा रुपया १८९३-९४ च्या सुमारास सुमारे १४ पेन्सांवर आला. त्याच काळात लिव्हरपूलला कापूसही मातीमोल झाला होता. समजा, हिंदी कापूस ३ पेन्स रतल आहे. एका खंडीचे २३५२ पेन्स. (वरील २३५२ रतलांशी या आकड्याचे साम्य केवळ योगायोगाचे आहे, हे मुलांना बजावावे.) जुन्या दराने याचे ९८ रुपये झाले असते, १४ पेन्सांच्या दराने १६८ रुपये होतात. म्हणजे १८६० मधील ५ पेन्स भावाच्या खंडीपेक्षाही किंचित अधिक! जगाचा भाव पडला आणि रुपयातला भाव मात्र टिकला, तो असा.

उलट उदाहरण १९२७ चे. रुपयाचा दर १६ पेन्स असावा की १८ पेन्स, यावर देशात मोठा वाद झाला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलन आयोगात १६ पेन्सांचा पक्ष घेऊन भिन्नमतपत्रिका जोडली. सरकारने १८ पेन्स ठरविले. ६ पेन्स भावाची खंडी घ्या : ४७०४ पेन्स. १६ च्या दराने २९४ रुपये. १८ च्या दराने २६१ रुपये ५ आणे ४ पै. शेतात एक बोंड कमी झाले नाही, लिव्हरपूलने एक पेन्स कमी केला नाही, तरी खंडीमागे ३२ रुपये १० आणे ८ पै उणे झाले. सारा व कर्जाचा हप्ता रुपयांतच होता. ते उणे झाले नाहीत.

दोनच वर्षांनी जागतिक मंदी आली आणि १९२९ ते १९३२ या काळात कापसाचा भाव निम्म्याहून खाली गेला. तोपर्यंत आखूड धाग्याच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक इंग्लंड नसून जपान होते. जपानी कापडावरील जकात १९३३ मध्ये शेकडा ७५ पर्यंत चढविली गेली, तेव्हा जपानच्या गिरण्यांनी हिंदी कापसावर बहिष्कार घातला; १९३४ च्या आरंभी समेट होईपर्यंत तो टिकला. ही जकात कोणी मागितली होती? लँकेशायरने व मुंबईच्या गिरणीवाल्यांनी. बहिष्काराचा फटका बसला तो कापूस पिकविणाऱ्यास. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले ते पूर्व खानदेशातील फैजपूर येथे. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि सारा व ग्रामीण कर्ज यांविषयीचा कार्यक्रम तेथे संमत झाला. अधिवेशन पाहावयास लोटलेल्या शेतकऱ्यांच्या गाड्यांमागे ही सात वर्षांची मंदी होती, हे सांगितल्याखेरीज फैजपूरचे महत्त्व मुलांच्या ध्यानी येणार नाही.

बाजार सुधारण्याचे प्रयत्न इंग्रजी अमदानीतच सुरू झाले होते. शेजारच्या वऱ्हाडात १८९७ मध्ये बाजाराचा कायदा झाला, पण तेथील समित्यांत व्यापाऱ्यांचे प्राबल्य राहिले. मुंबई इलाख्यात १९२७ चा कापूस बाजार कायदा आला. त्याने बाजार समितीत शेतकऱ्यांस प्रतिनिधित्व दिले, दलाल व मापाडी यांस परवाने लागू केले आणि मनमानी कापणीस आळा घातला. या कायद्याखाली आलेल्या पहिल्या बाजारांत धुळ्याचा कापूस बाजार होता. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली व काही दशके चालली; तिचे गुणदोष हा निराळ्या पाठाचा विषय आहे.

वर्गातील काही अवधाने

खानदेशातील एकाच वर्गात कापूस पिकविणाऱ्याचे, तो तोलणाऱ्याचे व तो विकत घेणाऱ्याचे मूल शेजारी शेजारी बसते. रुमालाचा खेळ करताना व्यापाऱ्याची भूमिका व्यापाऱ्याच्या मुलास देऊ नये, अदलाबदल करावी. सावकाराविषयी बोलताना कोणत्याही जातीचे वा घराण्याचे नाव वर्गात निघू देऊ नये. दुष्काळात सरकार दाराशी आले नाही तेव्हा ज्वारीचे पोते उसने देणाराही पुष्कळदा तोच सावकार असे. ही गोष्ट मुलांनी आजोबांकडून ऐकलेली असेल तर ती वर्गात सांगू द्यावी.

घरोघरी जुने कागद असतात : साऱ्याच्या पावत्या, गहाणखते, आडत्याच्या पट्ट्या. ते शाळेत आणावयास सांगू नयेत; हरवतील. मुलांनी घरीच वडीलधाऱ्यांसमोर ते पाहून त्यांवरील साल, वजन व रक्कम एवढेच वहीत उतरून आणावे. मोडी अक्षरातील कागद असेल तर गावात मोडी वाचणारे कोणी उरले आहे काय, याची चौकशी मुलांनाच करू द्यावी. जमलेल्या आकड्यांवरून वर्गाचा एक तक्ता करावा आणि जेथे आकडा मिळाला नाही ती जागा रिकामीच ठेवावी.

हा पाठ शक्य तर नवरात्रापूर्वी संपवावा. वेचणी सुरू झाली की मुले बापाबरोबर गाडीवर किंवा ट्रॅक्टरवर बसून बाजारास जातात. त्या वेळी त्यांनी तीन गोष्टी पाहून याव्यात : काट्यावर वजन दिसते कोणत्या बाजूला, भाव मोठ्याने पुकारला जातो की नाही, आणि पट्टीवर काय काय वजा केले आहे. परत आल्यावर पट्टीतील आकडे फळ्यावर मांडून घ्यावेत.